रंभाबाई हात वर करत नाही

रुपरावनं रंभाबाईच्या छातीत सुरा खुपसला, ही बातमी नागपूरच्या पाचपावलीतल्या त्या गल्लीत सकाळच्या पहिल्या चहाबरोबर आली आणि दुपारपर्यंत तिला हातपाय फुटले. नळावर सुरा वीतभर होता, किराण्याच्या दुकानात हातभर झाला, आणि चक्कीवर दळण घेऊन बसलेल्या बायांनी तर रक्ताची धार पार नालीपर्यंत नेऊन सोडली. पुरावा काय? तर रंभाबाई बरेच दिवस गायब होती. परतली ती सायकलरिक्षातून, दोन्ही हात पोटाशी धरून, पदराखाली छातीला पट्ट्याच पट्ट्या, आणि तोंड राखेसारखं. शिवाय रुपराव सुरा खुपसणाऱ्या माणसासारखा दिसतोच, हा दुसरा पुरावा. तिसऱ्याची गरज कोणाला पडली नाही.

आता खरं ऐका. सुरी लागली होती, छातीतच लागली होती. पण ती मुंबईच्या एका डॉक्टरच्या हातातली, आणि तिच्याखाली रंभाबाई आपल्या पायांनी चालत जाऊन झोपली होती. हातातल्या पाटल्या मोडून! छाती भरून घ्यायला! सिलिकॉन नावाच्या कसल्याशा लिबलिबीत चिजेच्या दोन पिशव्या तिच्या कातड्याखाली बसवल्या होत्या. आणीबाणी उठली त्या वर्षीच्या दसऱ्याची ही गोष्ट. असलं काही करून घेतलेली बाई गल्लीनं पाहिली नव्हती, आणि कोणी सांगितलं असतं तरी गल्लीनं सुऱ्यावरच जास्त भरवसा ठेवला असता.

रंभाबाईनंही अफवा खोडली नाही. कोणी अगदी तोंडावर विचारलंच तर "गाठीचं आपरेशन झालं" एवढंच ती म्हणायची, आणि कूस बदलायची. बदलायची म्हणजे काय, बदलता येत नव्हती. मान तेवढी फिरवायची.

हे दुखणं तिनं ओढवून घेतलं कशासाठी, ते कळायला आधी देवाजी कळायला हवा. रुपरावच्या खडी गंमतच्या, म्हणजे ढोलकीवरच्या नाचगाण्याच्या तमाशाच्या, पार्टीत देवाजी वीस वर्षं नाच्या होता. पुरुष माणूस, पण लुगडं नेसून, छातीवर कापडाचे गोळे पट्ट्यानं आवळून उभा राहिला की मंडईतले, म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या जत्रेतले, म्हातारेसुद्धा बायकोकडे पाठ करून बसायचे. चाळिशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा रुपरावनं नवी टूम काढली: आता नाच्याच्या जागी खरीखुरी बाई नाचवायची. आणि त्यानं रंभाबाईला आणलं. मौदा हे तिचं सासर; तिथं नवऱ्यानं मुसळ घालून तिचं गळ्याखालचं हाड मोडलं होतं, म्हणून ती नागपूरला पळून आलेली. अंगानं काठी. पण पाय असे, की ढोलकीवाल्याला घाम फुटावा.

पहिल्याच मंडईत खरी बाई बघायला गर्दी लोटली. रंभाबाईनं गिरकी घेतली, टाच आपटली, आणि मागून एक जण बोंबलला, "अबे, देवाजीचंच भारी होतं!"

झालं. हशा पिकला तो थांबेना. उसाची कांडकी आली, शिंगाडे आले, मग एक खडा आला आणि तिची भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरत असताना तिनं ते गाणं संपवलं. कनातीमागं गेली तर रुपरावनं ढोलकीच्या दोरीनं तिच्या पाठीवर वळ उठवले, लोक हसले म्हणून. पुढच्या वेळी देवाजीनं आपले गोळे तिला बांधून दिले, तर ऐन गिरकीत एक घसरून कमरेवर आला. तेव्हाचा खडा मोठा होता.

मग मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रातली नाचणारी बाई नागपूरला कार्यक्रमाला आली असता रंभाबाईला भेटली, आणि तिनं त्या डॉक्टरचा पत्ता दिला. रंभाबाईनं रुपरावला विचारलंही नाही. बहिणीकडे चालली म्हणून सांगितलं आणि गाडीत बसली.

डॉक्टरनं परत पाठवताना एकच गोष्ट चार-चारदा बजावली होती. महिना-दीड महिना हात खांद्याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. टाके उसवले, आत पू झाला, तर सगळं काढून टाकावं लागेल, आणि छाती पहिल्यापेक्षा वाईट दिसेल. म्हणजे पाटल्याही गेल्या, नाचही गेला, आणि उरला तो रुपरावचा मार. रंभाबाईला एवढं गणित येत होतं. आता जगात एकच काम: हात वर करायचा नाही.

बोलायला सोपं. पण दुखणं काय गप्प बसतं? छातीवर बैल बसावा तसा दाब. श्वास घेतला की बैल खूर रोवतो. खोकला आला की आतून कोणी कुऱ्हाड घालतं. शिंकेला तर ती इतकी भ्यायची, की गल्लीत कोणी मिरचीची फोडणी दिली की खाटेवरून आईमाईवरून शिव्या सुरू. मधेच बगलेपासून एक झटका निघायचा, उघड्या तारेला हात लागल्यासारखा, आणि दात वाजायचे. आणि या सगळ्या मारामारीच्या मधोमध छातीच्या खालच्या अंगाला तळहाताएवढी जागा अशी, की तिथं काहीच नाही. चिमटा काढा, नख रुतवा, परक्याचं कातडं. डॉक्टर म्हणाला होता, ही जाणीव हळूहळू परत येईल, तोवर जपा.

तिची चाकरी करायला कोण आलं? देवाजी. ज्याची जागा तिनं घेतली तोच. गल्लीनं यातही चार गोष्टी जोडून पाहिल्या, पण देवाजीच्या नशिबी बायांच्या गोष्टीत वाईट नाव नव्हतं, त्यामुळं जमलं नाही.

देवाजीनं आल्या आल्या घर खाली उतरवलं. फळीवरचे डबे, खुंटीवरचं लुगडं, कोनाड्यातली फणी, सगळं कमरेएवढ्या उंचीवर. पार्टीचा जुना पडदा गुंडाळून खाटेला उतार केला, म्हणजे बाई अर्धी बसलेली, अर्धी झोपलेली. उठवताना हाताला धरायचं नाही. पाठीमागून धोतराची घडी घालून, झोळीसारखं पुढं घ्यायचं. पट्टा किती आवळायचा तेही तोच सांगे. वीस वर्षं छाती आवळून नाचलेला माणूस!

"छातीनं नोको घेऊ श्वास, पोटानं घे. पट्ट्यात असंच जगा लागते वं," तो म्हणायचा.

"तुह्या गोळ्यांले दुखत नव्हतं, देवाजी."

"नव्हतं. पन थे खाली पडत होते."

रंभाबाई हसली, आणि हसू छातीत पोचताच किंचाळली. डोळ्यांतून पाणी. "हसवजो नोको! आता हसवलं तं लाथ घालीन तुह्या पेकाटात!"

बिचारा देवाजी. जन्मभर लोकांना हसवून पोट भरलं, आणि आता तोंड शिवून बसायचं.

गोळ्यांवरून त्यांचं रोज वाजे. रंभाबाईचा हिशेब असा, की दुखणं अगदी गळ्याशी आलं की गोळी घ्यायची, तोवर दात आवळायचे. नवऱ्याकडे ती तशीच जगली होती. मग व्हायचं काय, की गोळी पोटात जाईपर्यंत दुखण्यानं तिला खाटेवर आपटून, उचलून, पुन्हा आपटलेलं असायचं. एकदा तिनं उशीची खोळ दातांनी टरकावली. एकदा देवाजीचं मनगट चावली.

देवाजीनं मनगट धुतलं आणि चिठ्ठीवर बोट ठेवलं. "डाक्टरनं काय म्हटलं? मात्रा चुकवू नका. तुले मात्रा समजत नाही? तू नाचनारी बाई! सम येऊन गेल्यावर पाय टाकतं का कोनी? थे यायच्या आंधी पाय उचला लागते. दुखनं उठाच्या आंधी गोळी."

हे मात्र तिच्या डोक्यात शिरलं. औषधाच्या मात्रेला ती आजवर फक्त कडू समजत होती. त्या दिवसापासून मशिदीची बांग, गिरणीचा भोंगा, असं धरून गोळी वेळेवर जाऊ लागली, आणि बैल छातीवरून उतरला नाही तरी निदान बसल्या जागी रवंथ करू लागला. दुपारी माठातल्या पाण्यात फडकं पिळून, पट्टीच्या वर, ओल लागू न देता मेणकापडावर ठेवायचं. थंडानं सूज बसे. रुपरावनं मधे मोहाची बाटली पाठवली, दुखणं विसरायला. रंभाबाईनं ती नालीत ओतायला लावली. "नशेत हात कवा वर गेला समजनारबी नाही," ती म्हणाली.

इथं अंजनाबाईचा प्रवेश. शेजारीण, जाडजूड, मनाची मऊ, तोंडाची सैल. सुऱ्याची बातमी नळावर तिनंच उघडली होती. पण 'गाठ' हा शब्द कानावर पडला आणि तिच्यातली सुईण जागी झाली. छातीत गाठ, सूज, वेदना: म्हणजे थान आलं, बाळंतिणीचं दूध साकळतं तसं! आणि थानाच्या गाठीला गल्लीत एकच इलाज. रुईची पानं, एरंडेल, आणि चुलीत तापवलेली वीट. त्या एका विटेनं तिनं अर्ध्या गल्लीच्या बाळंतिणी शेकल्या होत्या.

देवाजी दुधाला गेलेला. रंभाबाई गोळीच्या गुंगीत. अंजनाबाई पावलं न वाजवता आली, पट्टी खालून जराशी सैल केली, एरंडेल माखलेली रुईची पानं ठेवली, वर फडक्यात गुंडाळलेली वीट, आणि मायेनं दाबली.

रंभाबाईला काही कळलं नाही. खरंच नाही. वीट नेमकी त्या मेलेल्या जागेवर होती. तिला आला तो वास. स्वप्नात तिला वाटलं, कोणी वांगं भाजतंय. मग वाटलं, वांगं नाही. डोळे उघडले तर अंजनाबाईचं गोल तोंड वर, आणि स्वतःच्या छातीतून धूर.

हात वर न करता माणूस वीट कशी फेकेल? तिनं गुडघा वर घेतला आणि त्यानं अंजनाबाईच्या पोटात असा ढोसा दिला, की बाई माठावर जाऊन कोसळली. माठ फुटला. वीट जमिनीवर पडून चुरचुरली. तेवढ्यात देवाजी आला, दूध टाकून धावला, आणि फुटक्या माठाच्या तळाशी उरलेलं पाणी ओंजळीनं त्या जागेवर सोडत बसला. कातडं सोलून बोटाएवढा फोड टरारला होता. टाक्यांपासून दोन बोटं दूर. दोन बोटं अलीकडे असता तर सगळं संपलं होतं.

"तुले चटका कसा नाही लागला वं?" अंजनाबाई ओल्या लुगड्यात बसून विचारत होती. "म्या कोनाले असं... तू वरडली काहून नाही?"

मग सांगावंच लागलं. गाठ नाही, सुरा नाही, काय आहे ते. अंजनाबाईनं तोंडावर हात ठेवला. गल्लीचा विश्वास बसणार नाही, पण तो हात तिनं पुढं कितीतरी दिवस काढला नाही. स्वतःच्या हातानं बाई जाळली, हे तिला इतकं लागलं, की आयुष्यात पहिल्यांदा एक बातमी तिच्या पोटात जिरली.

आणि घोळ झाला तो त्यानंच. कारण खरी बातमी बाहेर पडली नाही, म्हणून खोटी मोकाट फिरत राहिली, गल्लीतून चौकात, चौकातून चौकीत. दिवाळीच्या तोंडावर हवालदारानं रुपरावला उचललं. सुरा कुठं आहे, विचारलं. नव्हताच, तो दाखवणार कुठून? मग तळपायांवर काठ्या पडल्या. सोडलं तेव्हा तो टाचांवर चालत होता, आणि डोळे असे, की त्या दिवशी त्याच्या हाती खरंच सुरा असता तर अफवेचं पाप फिटलं असतं.

मौद्याच्या मंडईच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, त्यानं लाथ घालून रंभाबाईचं दार उघडलं. कडी तुटून चुलीत पडली.

"चाल बाहेर! साऱ्या गल्लीसमोर हात वर कर! पाहू दे लोकाइले, कुठं लागला सुरा! अन् उद्या मौद्याले नाचतं तू."

"नाही करत," रंभाबाई म्हणाली.

"काय नाही करत?"

"हात वर. अन् मौद्याले येत नाही."

देवाजी मधे उभा राहिला. "रुपराव, टाके हायेत गा तिचे, आइक..." पुढचं वाक्य ठोशानं अडवलं. देवाजीचे दोन दात जमिनीवर वाजले. तो पुन्हा उभा राहिला, तर रुपरावनं पाट्यावरचा वरवंटा उचलून त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज रंभाबाईला ओळखीचा होता. तिचंही तेच मोडलं होतं.

मग रुपरावनं तिचं उजवं मनगट धरलं आणि वर ओढलं.

बगलेपासून बरगडीपर्यंत उसवल्यासारखी कळ गेली. डोळ्यांपुढं पांढरं झालं. पण अंग नाचणाऱ्या बाईचं. ते विचार करायच्या आधी हललं. हात वर जायला लागला तशी ती चवड्यांवर उभी झाली. तो आणखी ओढू लागला, ती खाटेवर चढली. आता हात तिथंच, पोटाएवढा, आणि बाईच वर! रुपराव खालून ओढतोय, जितका ओढतोय तितका स्वतःच चवड्यांवर उंच होतोय, तळपायांच्या आगीनं कण्हतोय, आणि त्याचं तोंड नेमकं रंभाबाईच्या टाचेच्या टप्प्यात आलेलं. दारात अर्धी गल्ली जमली होती. हसावं की ओरडावं कोणाला कळेना.

रंभाबाईनं सम धरली आणि टाच घातली. जबड्यावर. वीस गावांच्या मंडईत फळ्या हलवलेली टाच. त्याचे दात जिभेवर मिटले, रक्ताची चूळ भिंतीवर उडाली, मनगट सुटलं. तो मागं गेला, उंबऱ्याला अडखळला आणि पाट्यावर गुडघा आपटून आडवा झाला. गुडघा भलतीकडेच वळला. तो उठायला हात टेकू लागला, तर रंभाबाई खाटेवरून उतरली, पटकन नाही, देवाजीनं शिकवलं तसं पोटानं श्वास घेत, अंग सांभाळत, आणि त्या टेकलेल्या हातावर उभी राहिली. बोटं एकेक करून कुरकुरली.

"सोड वं! सोड, मेलो!"

"हात वर कर," ती म्हणाली.

त्यानं मोकळा हात वर केला. गल्लीसमोर.

हवालदार आला तेव्हा रंभाबाई उंबऱ्यावर बसली होती, पट्टीतून लाल डाग पसरत होता. "बाई, सुरा याच रुपरावनं मारला न?" त्यानं विचारलं.

"सुरा नाही साहेब, लाथ हाये. अन् थे म्या मारली."

गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली, तोवर देवाजी मोडका खांदा धरून दाराशी उभा, आपलं दाखवायला तयार होईना. एकच टाका उसवला होता, वरवरचा. आतलं शाबूत. रंभाबाईनं हे ऐकलं आणि मग पहिल्यांदा मोठ्यानं रडली. रडतानाही दुखतच होतं, म्हणून तिला रडणं मधेच थांबवून शिव्या द्याव्या लागत होत्या.

मौद्याला पार्टी गेलीच नाही. रुपराव गुडघ्याला लाकडी फळी बांधून खाटेवर पडला, आणि त्याच्यासाठी कोणी घर खाली उतरवून ठेवलं नाही. पार्टी देवाजीनं हाती घेतली, एक हात गळ्यात अडकवून.

कुहीची मंडई उशिरा येते. तोवर डॉक्टरनं दिलेली मुदत सरली होती. कनातीमागं अंजनाबाई आली होती, आताशा ती रंभाबाईच्या पट्ट्याची राखणदार झालेली. कोणी जवळून गेलं तरी कोपर मारायची. रंभाबाईनं गजरा घेतला आणि स्वतःच माळायला दोन्ही हात हळूहळू वर नेले. कोपरं खांद्यापर्यंत आली. थांबली. कळ आली, ओठ आवळले गेले, कपाळावर घाम आला. मग हात खांद्यावरून वर गेले, कानांवरून, अंबाड्यापर्यंत. चोळीच्या खाली विटेचा तांबूस डाग तेवढा दिसला. बाहेर ढोलकी सुरू झाली होती.

अंजनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतकं मरनाचं दुखनं," ती म्हणाली, "पैसे देऊन काहून घेतलं वं बाई तू?"

रंभाबाईनं गजरा खोचला. "फुकटचं लय भेटलं होतं, अंजनाबाई. हे एक माह्या पसंतीचं घेतलं."